एअर फिल्टरचा पत्रा

आमचे बाबा रसायनीच्या कंपनीतून रिटायर झाले आणि बोलायचेच थांबले बघा. दिवसभर खुर्चीत.

आमची गाडी खोपोलीच्या घाटात दमायची, कारण एअर फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढायचा. मधे आडवा पत्रा लावावा म्हणून मी अंगणात तेलाचा डबा कापत होतो. तर बाबा उठून आले.

"हात कापशील रं. आण इकडं."

दुपारपर्यंत दोघांनी पत्रा बसवला आणि घाटात निघालो. अर्ध्या चढावर स्क्रू सुटला, पत्रा खडखडायला लागला. मी घाबरून बघतो, तर बाबा पोट धरून हसतायत.

"काढून टाकू का, बाबा?"

"काढतोस कशाला? गाडी चढतेय की रं! उद्या वायसर टाकून घट्ट बसवू. मला लवकर उठव."