वैशालीच्या प्रयोगातला कोरडा गट

हसू नका, पण संगमनेरला कॉलेजात असताना मी एका प्रयोगावर जळलोय. मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. कौतुक केलं की कोडं लवकर सुटतं का, हे वैशालीला तपासायचं होतं. तिनं चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. कौतुकाच्या गटात गण्या, कोरड्या गटात मी. आणि बसवलं सगळ्यांना एकाच खोलीत!

"गणेश, किती हुशार आहेस रे तू!"

माझ्यापुढं मात्र वैशालीनं नुसता कागद सरकवला. असा पेटलो, की सगळ्यांच्या आधी कोडं सोडवलं.

सर वैतागले. "याला तर काहीच दिलं नव्हतं, मग हा एवढा सुटला कशानं?"

"तेच कळंना, सर," म्हणत वैशालीनं यादीतून माझं नाव खोडलं.

गण्याचं ठेवलं. परवा तिची लग्नपत्रिका आली, त्यातही गण्याचंच हाय.