एकटीच उतरलेली स्की

ज्याने पर्वत उभे केले आणि ते चढायला आपल्याला पाय दिले, त्या पांडुरंगाला वंदन करून सांगतो, मंडळी. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या हट्टापायी नवघरहून आम्ही उभयता हिमाचलातल्या एका चिमुकल्या ठिकाणी स्कीइंगला गेलो. ठिकाण लहान, पण उतार असा उभा की भलेभले मागे फिरत. चार दिवस पायथ्याशी धडपडत शिकल्यावर प्रशिक्षकाने मला रोपवेच्या पाळण्यातून शिखरावर नेले. आमच्या सौ. खाली जीव मुठीत धरून उभ्या होत्या.

वर पोहोचलो आणि देहभान हरपले. सर्वत्र शुभ्र शांतता, जणू आरती संपून टाळ नुकतेच थांबले असावेत. अशा जागी पायांत काही ठेवून नमस्कार कसा करायचा? मी वाकून दोन्ही स्की काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले.

"अरे अंकल, पकडो उसको!" प्रशिक्षक ओरडला.

डोळे उघडले, तर एक स्की माझ्याविना डौलात उतार उतरत होती. पाहता पाहता ती धुक्यात विरून गेली. मी उरलेली स्की काखेत मारून पाळण्यात बसून परतलो.

खाली सौ. ती स्की उराशी धरून रडत होत्या. मला पाहताच डोळे पुसून कडाडल्या, "पादुका तेवढी आली! मला वाटलं, महाराजांनी वरच समाधी घेतली!"

मंडळी, असे रागावणारे माणूस तुम्हा प्रत्येकाच्या घरी सुखात नांदो, आणि तुम्ही नित्य त्याच्यापाशी सुखरूप परतत राहा.