कंचनला उतरवायचं कुणी

(धुळे, १९६७. हस्तीमल शेठजी जाऊन पंधरवडा झाला. सुतकाची बैठक उठली, आज दुकान पुन्हा उघडलं आहे. गोदामाच्या दाराशी दोघं उभी : शेठजींचा मुलगा प्रकाशचंद आणि दोंडाईच्याहून आलेली शेठजींची धाकटी बहीण धापूबाई, म्हणजे त्याची आत्या, भुवाजी. आत गूळ तोलायचा मोठा काटा. त्याच्या पारड्यात प्रकाशचंदची सात वर्षांची कंचन बसून आहे.)

प्रकाशचंद : हमालाला हाक मारतो, भुवाजी. तोताराम उतरवेल तिला.

धापूबाई : हमाल उतरवी? तुनी पोर शे का गुळाची भेली?

प्रकाशचंद : मग काय करू? सकाळपासून सांगतोय, ऐकतच नाही. बाहेर सरकीसाठी गाड्या खोळंबल्यात.

धापूबाई : खोळंबू दे. काय म्हणस ती?

प्रकाशचंद : 'भाऊ, तुम्ही नाही, दादाजीच बसवतात आणि दादाजीच उतरवतात,' म्हणते. आता हिला काय सांगायचं?

धापूबाई : मना भाऊनीच लाडावून ठेवी तिले. सण उना का एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ! आन गिऱ्हाईकाले म्हणे, 'देखा, आमना माल कसा भरीव शे!' बठ्ठा बाजार हसे.

प्रकाशचंद : मीही हसायचो. गादीवर मान खाली घालून, कुणाला दिसू नये असं. आणि खरं सांगू? रागही यायचा.

धापूबाई : राग? कशाना?

प्रकाशचंद : मला कधी बसवलं नाही त्यांनी. बसवणं राहू द्या, पाठीवरून हात फिरवल्याचं आठवत नाही. माणूस कोरडाच, अशी मी मनाची समजूत घातली होती. मग कंचन झाली, आणि हेच बाबूजी तिला खांद्यावर घेऊन पांझरा नदीवर जायला लागले. तिच्या वेण्या घालायचे, भुवाजी! वाकड्यातिकड्या. तिची आई सोडून परत घालायची, की ही भोकाड पसरायची.

धापूबाई : तू धाकला व्हतास तवय आमना बाप जिता व्हता, प्रकाश. बापसमोर आपलं पोर हातात घेवानं नही. तू रडीरडी लाल व्हये आन मना भाऊ समोर बसीसन तोलत राहे. वर देखेबी नही.

प्रकाशचंद : रीत मला माहीत आहे. बाबूजींसमोर मी तरी कंचनला कधी घेतलं?

धापूबाई : पन एक गोट तुले माहीत नही. दुपारले बाप जेवीसन आडवा व्हये. तवय हस्ती चोरनागत मागल्या दारनं ये, तुले पाळण्यातून काढे आन याच गोदाममा फिरे. मी दारशी राखन करू. बाप जागा व्हयना का मी खोकू.

प्रकाशचंद : मला कसं काहीच आठवत नाही?

धापूबाई : कसं आठवी? तू झोपेल राहे. जागा राहता तं आरडता, बापले कळता. मंग बाप गया, पन तवलोंग तुले मिसरूड फुटेल. मिसरूड फुटेल पोरले कोन कडेवर घेस?

प्रकाशचंद : हे तुम्ही आत्ता सांगताय? ते असताना एकदा बोलायचं होतं.

धापूबाई : त्यानी सौगन घाली व्हती. मी पाळत बसनू. मनं चुकनं, प्रकाश.

प्रकाशचंद : तुमचं काय चुकलं? ऐका. शेवटच्या दुखण्यात ते खाटेवर पडून होते, कंचन उशाशी. मला म्हणाले, 'उचल तिला. माझ्यासमोर एकदा घे. मला बघू दे.'

धापूबाई : हस्ती म्हणना असं? मंग?

प्रकाशचंद : मी म्हटलं, बाहेर गिऱ्हाईक आहे. आणि निघून आलो.

धापूबाई : अरे...

प्रकाशचंद : तिच्या आईला सांगितलं, तापात बडबडतायत. पण ते शुद्धीत होते. मलाच लाज वाटली. छत्तिशीचा बाप्या मी, स्वतःच्या पोरीला हात लावायला लाजलो! परत आलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. मी तिथंच उभा राहिलो. 'बाबूजी, घेतो आता' एवढं म्हणायचं होतं. तेही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तर त्यांची वाचाच गेली.

धापूबाई : रडू नको. नही, रड. मीबी रडस. जळो ती लाज. मना भाऊनं आयुष्य गयं तिच्यात, आते तुनं जाई ऱ्हायनं.

प्रकाशचंद : आता कुणाला दाखवू, भुवाजी?

धापूबाई : त्याले दाखाडानं राही गयं. पोर तं शे ना समोर? जाय. तोतारामले हाक मारशी तं मी आजच दोंडाईचाले जासू.

प्रकाशचंद : पण तुम्ही मोठ्या इथे उभ्या...

धापूबाई : मी मोठी शे म्हनीसनच सांगस. घे तिले.

प्रकाशचंद : कंचन. चल बेटा, उतरवतो तुला.

कंचन : दादाजी नाही येणार?

प्रकाशचंद : नाही. ते आता नाही येणार, बेटा. मी घेतो. ये.

कंचन : इथे? दादी बघतायत.

प्रकाशचंद : बघू देत.

कंचन : थांबा मग, आधी डोळे मिटते. मी झोपले की मगच घेता ना तुम्ही, भाऊ. मी जागीच असते. पण कुणाला सांगितलं नाही.