तळच्या क्रेटची पट्टी

मग भरवसा ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा सुबोधराव – ज्यानं क्रेट कागदावर काढलं त्याच्यावर, का ज्यानं ते ट्रकमधून ओढलं त्याच्यावर? थांबा, लगेच बोलू नका, आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. या उलट्या क्रेटवर बसा, बिनधास्त बसा, तुमच्यासारखे सात जण एकावर एक बसले तरी – राहू द्या. महिन्यापूर्वीपर्यंत हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो, आता जिभेवर आलं की चटका बसतो. चहा घेणार ना? साखर किती? नाही, विचारून घेतो, इथं न विचारता तीन चमचे पडतात.

पिंजौरच्या सरबतवाल्यांचा फोन आला, म्हणाले चौकशीला माणूस पाठवतोय, तेव्हा मला वाटलं कुणी शर्माजी नाहीतर गिलसाहेब येतील. आणि आलात तुम्ही – मोहालीत नोकरी, घर साताऱ्याला. तीस वर्षं झाली मला चंडीगढात. कृष्णकांत हे नाव इथं धड कुणाच्या तोंडात बसत नाही, सगळे केकेजी म्हणतात, आणि मराठीत भांडायला माणूस मिळत नाही हो, हिंदीत भांडलं की पोट भरत नाही. घरी मुलगी आहे, ओजस्विनी, तिला सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. मी म्हणतो, अगं जेवलीस का, ती म्हणते, खा लिया पापा. बायको असेपर्यंत घरात दोन माणसं मराठी बोलायची. आता मी एकटाच बोलतो आणि ऐकतोही मीच.

तर तुमच्या त्या कागदावर तीन रकाने आहेत, मी बघितले, तुम्ही फाइल उघडी ठेवलीत तेव्हा उलट्या बाजूनं वाचले – रचनेतला दोष, मालातला दोष, हाताळणीतला दोष. मालाचं मी आत्ताच सांगतो, त्यावर तीन दिवस घालवू नका. प्लास्टिकचा दाणा नवा होता, एक मूठ भंगार मिसळलेलं नाही, पोती तिथं पडलीत, हवं तेवढं घेऊन जा. राहिले दोन. रचना म्हणाल तर माझी मुलगी. हाताळणी म्हणाल तर रामचंद्र, तो पल्लेदार, म्हणजे आपला हमाल, क्रेट मोडून ज्याचा पाय कापला. आता मी बाप म्हणून बोलत नाहीये, धंद्याचा माणूस म्हणून बोलतोय – तुम्ही हाताळणीवर खूण करा आणि मोकळे व्हा. ट्रकमधला माल उचलून काढायचा असतो, ओढून नाही. क्रेटला दोन बाजूंना दोन मुठी दिल्यात, चार बोटं आरामात जातात, कशाला दिल्यात? शोभेला?

तुम्ही हसताय. हसा. मीसुद्धा हसलो असतो, कारण मी जे आत्ता बोललो ते मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला म्हणालो असतो, बाबा, तू कधी गोदामात उभा राहिलायस का.

ऐका. मी इथं आलो तेव्हा रिकाम्या बाटल्या विकत घ्यायचो. सायकल, मागं पोतं, सेक्टर एकवीस-बावीसची घरं पालथी घालायची. तेव्हा लाकडी पेट्या असायच्या, चिलाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाच्या, कालक्याकडून यायच्या, आणि खिळा बाहेर आला की बाटलीची मान गेलीच. पुढं मी पेट्याही पुरवायला लागलो. एक सरदारजी होते, सोड्याचा कारखाना, त्यांची पेटी तपासायची रीत काय, तर जमिनीवर ठेवायची आणि वर उभं राहायचं. वजन एकशे दहा किलो. पेटी वाचली तर म्हणायचे, चल काके, पन्नास भेज दे. मी कॉलेजात गेलो नाही, पण त्या सरदारजींच्या बुटाखाली जे शिकलो ते कुठल्या कॉलेजात शिकवतात? बाटलीवर भार येता कामा नये, भार भिंतीवर यायला हवा. क्रेट बाटलीपेक्षा दोन बोटं उंच हवं. वरच्याचा तळ खालच्याच्या कडेत बसला पाहिजे, पण इतका घट्ट नको की उन्हात फुगून निघेचना. प्लास्टिकची क्रेटं काढायला लागलो तेव्हा एकदा मी घट्ट केला होता. जूनमध्ये राजपुऱ्याच्या एका गोदामात सहा क्रेटं एकमेकांत अशी बसली की शेवटी करवतीनं कापली. ते लोक अजून मला ओळख देताना करवत चालवल्यासारखा हात हलवतात.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि संगणक मला येत नव्हता. म्हणून ओजस्विनी. आयटी पार्कात चांगली होती, थंड खोली, गळ्यात ओळखपत्र. मीच म्हणालो, ये घरच्या धंद्यात. आली. चार महिने बसली. बारा बाटल्यांचं क्रेट, भरलेलं साडेसोळा किलो, आठांची थप्पी, म्हणजे तळच्यावर एकशे पंधरा किलो – पडद्यावर तिनं ते लाल-निळं करून दाखवलं. जिथं ताण तिथं लाल, जिथं नाही तिथं निळं, आणि जिथं निळं तिथलं प्लास्टिक तिनं काढून टाकलं. बाजूच्या खिडक्या, म्हणजे भिंतीतली भोकं, मोठी केली. एका क्रेटमागं दीडशे ग्रॅम दाणा वाचला. सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू. मी तिला म्हणालो नाही, पण सुंदर होतं. सरदारजी असते तर बूट काढून उभे राहिले असते.

मग जानेवारीत आम्ही पिंजौरला गेलो, कंपनीला दाखवायला. गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे तिच्या वयाचे. कुणीतरी विचारलं, आप? मी तोंड उघडणार इतक्यात ती म्हणाली, ये मेरे पापा हैं, गोदाम देखते हैं.

गोदाम देखते हैं.

नाही, तिच्या मनात काही नव्हतं. घाईत बोलली, पुढच्या चित्रावर गेलीसुद्धा. पण तीस वर्षांचं काम कुणी असं एका वाक्यात झाडून कोपऱ्यात लोटलं तर – तुम्ही अजून लहान आहात, तुम्हाला नाही कळायचं. मी हसलो, पाणी प्यालो. येताना गाडीत ती विचारत होती, कैसा लगा पापा, आणि मी म्हणालो, छान. बिस्किटं चांगली होती.

असो. थप्पीचं काही चुकलं नाही, हे तुम्ही मोजून बघा. आठ क्रेटं चढवा, दहा चढवा, हवं तर महिनाभर ठेवा, केसभर वाकणार नाही. मोडलं ते थप्पीत मोडलं नाही, ट्रकमध्ये मोडलं. एकवीस मेला, पिंजौरला. पल्लेदार काय करतात – ट्रकच्या आत तीन-चार फुटांवर थप्प्या असतात, वर चढून एक-एक उचलायला वेळ कुणाला आहे? त्यांच्याकडं आकडी असते, कमरेइतकी लोखंडी सळई, टोक वाकवलेलं. खाली उभं राहायचं, तळच्या क्रेटच्या खिडकीत आकडी अडकवायची आणि पाच-पाच क्रेटांची थप्पी एका झटक्यात ट्रकच्या मागच्या फळीपर्यंत ओढायची. सगळे असंच करतात. इथंही, पिंजौरलाही, अंबाल्यालाही. लाकडी पेट्यांपासून चालत आलंय. म्हणजे ऐंशी किलोची ओढ कशावर येते? खिडकीखालच्या त्या एका पट्टीवर. पडद्यावर ती पट्टी निळी होती, कारण पडद्यावर कुणी आकडी घातलीच नव्हती. पट्टी तुटली, रामचंद्र मागं पडला, साठ बाटल्या त्याच्यावर आल्या. घोट्याला अकरा टाके, आत नसही गेली.

हे बघा, तुम्हाला नकाशावरच दाखवतो, म्हणजे उगाच शब्द वाया नकोत. तिनं मला एक प्रत छापून दिली होती, ही – ते टोक जरा धरा, गुंडाळी होते. ही लांब बाजू, ही खिडकी, आणि ही बघा ती पट्टी, इथं –

काय? ते वर्तुळ? ते माझंच, निळ्या पेन्सिलीचं. नंतर काढलं. मोडल्यावर बसलो होतो बघत, कुठं तुटलं म्हणून, तेव्हा खूण केली. साहजिक आहे ना. तुम्हीसुद्धा केली असती.

हो, खाली तारीख आहे.

सवय आहे ती. शिकलेला नाही ना मी, म्हणून ज्या कागदाला हात लावीन त्यावर तारीख टाकतो, चिठ्ठी असो, नकाशा असो. चुकून पडली असेल. नऊ फेब्रुवारी – नाही, तशी चुकून कशी पडेल. फेब्रुवारीत मी चुकून जानेवारी लिहीन, पण मेमध्ये फेब्रुवारी –

चहा निवला का तुमचा?

बरं. नऊ फेब्रुवारी. सकाळी नकाशा दिला तिनं, इथंच, याच टेबलावर. साचा कापायला द्यायला अजून बारा दिवस होते. साच्याचं तुम्हाला माहीत असेल, पोलाद एकदा कापलं की कापलं, मग बदल म्हणजे नुसती डागडुजी, म्हणून कापायच्या आधी ती शेवटचं विचारत होती. मी चष्मा लावला, आणि पहिल्या नजरेत, सुबोधराव, पहिल्या नजरेत माझं बोट तिथं गेलं. आकडी इथंच शिरणार. मला दिसली ती, सळई, वाकडं टोक, रामचंद्रचा हातसुद्धा दिसला – पंधरा वर्षं माझ्याकडं होता तो, नंतर पिंजौरला लागला. मी पेन्सिल उचलली, गोल केला. ती म्हणाली, क्या हुआ पापा? एक शब्द बोलायचा होता. नुसतं आकडी म्हणालो असतो तरी तिनं विचारलं असतं, वो क्या होता है, आणि मी तिला ट्रकपाशी घेऊन गेलो असतो. दोन बोटं रुंदी वाढली असती त्या पट्टीची, बस.

मी म्हणालो, काही नाही. छान आहे.

गोदाम देखते हैं ना? मग बघू या गोदामवाल्याशिवाय काय होतं. मला वाटलं, पाच-दहा क्रेटं तुटतील, ती धावत येईल, पापा देखो ना, मग मी सांगीन. अशी उभी राहील समोर, आणि मी सावकाश, चहा पीत पीत सांगीन. एवढंच हवं होतं. माणूस कापला जाईल हे नव्हतं डोक्यात. आणि ती धावत आलीच नाही. ती सरळ पिंजौरला गेली आणि म्हणाली, डिझाइन मेरा है, गलती मेरी है. तेव्हापासून घरात जेवणापुरतं बोलते. आयटी पार्कातल्या जुन्या ठिकाणी परत अर्ज दिलाय, मला शेजारच्या शिवानीकडून कळलं.

रामचंद्रला बघायला गेलो होतो. केळी नेली. तो पाय लांब करून बसलेला, मला बघून उठायला लागला – बस, म्हटलं, बस. मी तयारी करून गेलो होतो, म्हणणार होतो, बाबा तू ओढायला नको होतं. त्यानं आधीच विचारलं, रागानं नाही, नुसतं विचारावं तसं: बाबूजी, आप तो जानते थे ना, हम लोग हुक लगाते हैं?

केळी ठेवली आणि आलो.

आणि तरी आज तुम्ही आलात तर मी पहिला सल्ला काय दिला – हाताळणीवर खूण करा. ऐकलंत ना तुम्ही. म्हणजे त्याचा पाय गेला, वर औषधपाण्याचा हक्कही जाईल, नोकरीही, कारण कागद म्हणेल चूक त्याची. आणि रचनेवर खूण केलीत तर ती गेली, तिनं पुन्हा क्रेटला हात लावायचा नाही. तिला येतं हो हे काम. माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती माहीत असलेला माणूस तिच्या समोर चष्मा लावून बसला होता. याला कुठला रकाना आहे तुमच्याकडं? नाहीये. मग चौथा आखा. पट्टी असेल ना तुमच्याकडं, आखा.

तो नकाशा न्या. घडी घालू नका, गोल जिथं आहे तिथं घडी पडेल. नाही, मला प्रत नको.

स्कूटर आली बघा. तिचीच. ती वर यायच्या आत तुम्ही निघा, मागच्या जिन्यानं. तुमच्यासमोर तिला नाही सांगता यायचं मला, आणि आज नाही सांगितलं तर – निघा तुम्ही. उद्या सकाळी गोदाम उघडतो, परत आलेली सहाशेच्या सहाशे क्रेटं ओळीनं लावून ठेवतो, मोजा. तुटलेली वेगळी, तडा गेलेली वेगळी, कुठली कुणामुळं ते वेगळं. मी शेजारी उभा राहून काहीबाही बोलेन, मला सवय आहे, माझं ऐकू नका. हिशेब खरा ठेवा. जा आता.