तीन न मोजलेले जुलाब

समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर लेलँड फेल्डकँप, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सिस्टर ओडेसा प्रुइट, आणि माझ्यासारखंच कधीतरी आपल्या पायांनी चालत येऊन कॉलराचा पेला तोंडाला लावलेल्या तमाम धडधाकट वेड्यांनो!

मी वेंडेल नोवोत्नी. इथेच बाल्टिमोरमध्ये शाळेची बस चालवतो. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या कॉलराच्या लसीची चाचणी होती, तिच्यासाठी आम्ही बारा जणांनी इस्पितळाच्या वॉर्डात स्वतःला कोंडून घेतलं होतं. निम्म्यांना आधी लस पाजलेली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे सिस्टरनाही माहीत नव्हतं. मला मात्र पक्कं माहीत होतं! घोट घेतल्यावर माझं पोट गुडगुडलं होतं ना, म्हणजे लसच. मग पोटातलं आम्ल मारायला खायच्या सोड्याचं पाणी देऊन आम्हाला कॉलराचे जंतू पाजले. पुढे काय होतं, ते जेवणाआधी सांगू का? नको? बरं.

वॉर्डाचा नियम एकच. प्लास्टिकच्या भांड्यात बसायचं, भांडं सिस्टरच्या हवाली करायचं. त्या ते मोजणार. फ्लश ओढायला सक्त मनाई.

आणि मी फ्लश ओढला. तीनदा! का? अध्यक्षमहाराज, तुमच्यासाठी! जिच्यावर तुम्ही नऊ वर्षं घालवलीत ती लस माझ्या पोटामुळे नापास होणार, हे मला बघवेना.

सिस्टर आल्या. माझ्या हाताची कातडी चिमटीत धरली, सोडली. चुणी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं.

"राजा, किती वेळा गेलास?"

"एकदाही नाही, सिस्टर. पोट कसं दगडासारखं आहे."

"कातडी खोटं बोलत नाही. किती?"

"...तीन. लस नापास होईल म्हणून फ्लश..."

"अरे शहाण्या! नापास व्हायचीच असेल तर इथे होऊ दे. इथे सलाईन आहे, मी आहे. उद्या पोरं तिच्या भरवशावर गढूळ पाणी पितील, तिथे कोण आहे?"

सलाईन लावली आणि जरा उभा राहायला लागल्यावर स्टँडसकट मला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. "सांग." मी सांगितलं. डॉक्टर, तुमचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तरी तुम्ही स्वतःच्या हाताने 'तीन' लिहिलंत.

दीड महिन्याने तुमचा फोन आला. "वेंडेल, तुला मिठाचं पाणी दिलं होतं!"

हसा, हसा! लस न घेतलेला गडीही ठणठणीत दिसला असता, तर मग लसीने केलं काय, असंच सगळे म्हणाले असते. ज्या लसीला वाचवायला निघालो, तिलाच मी बुडवत होतो.

ती लस पास झाली. गेल्या साली माझी मुलगी पूरग्रस्तांच्या छावणीत मदतीला गेली. जाण्याआधी तीच लस प्यायली. छावणीत कॉलरा आला, आणि माझी पोर धडधाकट घरी आली.

सिस्टर, त्या दिवशी रागावून मी तुमच्याशी अबोला धरला होता. आज सगळ्यांसमोर बोलतो: तुमचे उपकार आहेत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या भुकेचा विचका केला असेल, तर तेवढं पोटात घाला.