भोंग्यावर आण्णा नाहीत

दीक्षा : हेडफोन नको, जयराज. इथं स्टुडिओत हेडफोनवर आण्णांचं गाणं मीही ऐकलंय. गावात विहाराच्या भोंग्यावर आण्णा नाहीत.

जयराज : नाहीत म्हणजे?

अंजना : पेटी हाय, ढोलकी हाय. माझं मालकच न्हाईत त्यात. माणसं माझ्या तोंडाकडं बघाय लागली.

जयराज : काकी, भोंगा लय जुना असंल तुमचा.

दीक्षा : जुन्या भोंग्यानं तुम्ही मागून भरलेली पेटी ठेवली आणि नेमके माझे वडीलच गाळले? उद्या सकाळी त्यांचं पुण्यानुमोदन आहे. त्यांचं शेवटचं गाणं ऐकायला लोक येणार आहेत.

जयराज : थांबा. दोन्ही बाजू एकत्र करून लावतो… अरे.

अंजना : बघ की. गेलं.

दीक्षा : काय केलंत तुम्ही?

जयराज : तुमचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग, आवाज एकच. त्याच्या दोन प्रती केल्या, डावीकडं एक, उजवीकडं एक. रुंद वाटावा म्हणून एकीची लहर उलटी केली. हेडफोनात दोन कानांत दोन जातात, भारी वाटतं. भोंग्याला तोंड एकच. तिथं दोन्ही भेटतात आणि एकमेकींना पुसतात.

दीक्षा : भोंग्यावर लावायचंय हे मी सांगितलं होतं.

जयराज : व्हय. ‘आजारी वाटता कामा नयेत’ हेही तुम्हीच सांगितलं होतं, ताई.

अंजना : असं म्हनलीस तू?

दीक्षा : माइक बंद पडला तरी मैदान भरायचा त्यांचा आवाज. मिरजेच्या दवाखान्यातला तो बारीक आवाज गावाला कशाला ऐकवायचा?

अंजना : बारीक असला तरी त्येंचाच हाय की गं.

जयराज : आण्णांना मधोमध ठेवतो, एकच आवाज. रुंदी कोरसची घेऊ. डावीकडं एक माणूस, उजवीकडं दुसरं. माणसं खरोखर वेगळी असली की भोंग्यात असं पुसलं जात नाही.

दीक्षा : आण्णांची गायनपार्टी कधीच मोडली. कोरसला आता कोण येणार?

जयराज : मग नुसता आवाज ऐका.

(आण्णांचा आवाज. ओळ अर्ध्यात तुटते. नुसता श्वास.)

दीक्षा : बंद करा.

जयराज : तेवढं कापून पुढची ओळ जोडतो. कुणाला कळायचं नाही.

अंजना : हात लावू नगंस! दम लागला म्हनून थांबल्यालं न्हाईत ते.

दीक्षा : आई, मी शेजारी होते. नाकात नळी होती त्यांच्या.

अंजना : तू शेजारी हुतीस. मी लगीन झाल्यापासनं त्येंच्या कोरसला हुते. ही ओळ ते अर्ध्यात सोडायचं आन फुडचं आमी उचलायचो. दवाखान्यात बी त्येंनी सोडली. आपून दोघी गप बसलो.

जयराज : …काकी, माइक लावू?

अंजना : लाव. दीक्षा, तू त्या अंगाला हो.