गाडीतली तडफ

—छे हो मॅडम, आक्रमक असं आमच्या घरात काही नाहीच! गाडी नाही आणि नवरा तर त्याहून नाही. बसा ना — ती खुर्ची नको, डुगडुगते, इकडे बसा. हे दाढी करतायत, येतील. वेळ लागतो ह्यांना, स्वतःच्या गालालासुद्धा दुखवत नाहीत.

तर तुमच्या परिवहन खात्याचं म्हणणं असं की आपली आपण चालणाऱ्या गाड्यांमधला तो 'तडफदार' मोड आता बंद, बरोबर? कंपनी म्हणते तडफदार, तुम्ही म्हणता आक्रमक — आणि आमच्या गाडीत तो परत चालू दिसतोय. आता यंत्रच ते, झालं असेल चालू! हसू नका. आधी आमचा माणूस समजून घ्या. गरीब म्हणजे किती गरीब — रांगेत कोणी घुसलं तर हे मागे सरकून त्याला जागा करून देतात. धाकट्या दिरांनी वरची खोली मागितली, दिली. ऑफिसात ह्यांची बढती ह्यांच्याच हाताखालच्याने पळवली, तर हे त्याच्यासाठी केक घेऊन गेले! आणि मग ही गाडी आली. हे नुसते हात मांडीवर ठेवून बसायचे — आणि गाडी? काय घुसायची, काय हॉर्न मारायची! दोन ट्रकांच्या मधून अशी जायची, जसा सुईतून दोरा. ह्यांच्या तोंडावर तेज आलं हो! घरात ताठ चालायला लागले. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणाले! रात्रीसुद्धा — तुमचं लग्न झालंय का? नाही? मग राहू दे.

तो सायकलवाला ना... हो. झालं ते. गोल चौकात गाडी त्याच्या पुढ्यात घुसली, तो गटारात. खांदा मोडला. सुतारकाम करायचा बिचारा, हात बसला म्हणजे पोटच बसलं. हे गटारात उतरले, त्याचं डोकं मांडीवर घेऊन अँब्युलन्स येईपर्यंत बसून राहिले. घरी आल्या आल्या मोड बंद. म्हणाले, "माझ्या वतीने दांडगाई करायला मी कोणाला ठेवलेलं नाही." झालं — गाडी समंजस! आता चौकात सगळ्या जगाला वाट देत उभी राहते, मागून शिव्यांचा पाऊस, आणि आत हे मान खाली घालून. मला बघवेना हो. उद्या साहेबांशी बढतीचं बोलायचंय — असे शेळीसारखे जाऊन काय बोलणार? म्हणून मग त्या मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे... म्हणजे मी नाही, कोणीतरी... तुम्ही लिहून काय घेताय? — बरं, मी! मीच परत बसवून आणला, ह्यांना पत्तासुद्धा नाही, आणि लागूही द्यायचा नाही, सांगून ठेवते. अहो, सायकलवाला एकदाच पडला, आमचा माणूस रोज पडतो, त्याचं कोण—

अहो. कधीपासून उभे आहात दारात? तोंडाला साबण तसाच... काही नाही हो, मॅडम सहज आल्या होत्या, गाडीबद्दल जरा — काय? काय म्हणालात?

मॅडम, ऐकलंत? मला "गप्प बस" म्हणाले. हे. मला! — आणि ती किल्ली कुठे... अहो, मॅडमना किल्ली कशाला देताय, उद्या तुम्हाला साहेबांकडे—

बरं.

बसते.